पाय आणि दम

धाप लागलेल्या माणसाला घरचे आधी एकच सांगतात, "पडून राहा." माया असते त्यात. खाटेला माया नसते.

2007 साली अमेरिकेत काही धडधाकट म्हाताऱ्या माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवून पाहिले. पायांचे जवळजवळ किलोभर मांस झडले. त्यांना आजार काहीच नव्हता. ज्याला आहे, वर ताप, स्टेरॉइड आणि तुटलेली भूक, त्याचे काय होत असेल?

फुफ्फुसाचा रोगी धापेला भितो, म्हणून हलत नाही. हलत नाही, म्हणून पाय झडतात. झडलेले पाय चार पावलांतच थकतात, आणि धाप आणखी लवकर गाठते. फुफ्फुसाची गेलेली ताकद बहुधा परत येत नाही, पायांची येते. छातीचा उपचार मांडीपासून का सुरू करायचा, ते इथे कळते.

यवतमाळ जिल्ह्यात फुफ्फुसे एकाच वाटेने बिघडत नाहीत. वणीकडे कोळशाची धूळ, राजूरच्या चुनाभट्ट्या, जिनिंगमधली कापसाची भुकटी, बिडी, बरा होऊनही छातीत व्रण ठेवून गेलेला क्षय. बायकांच्या वाट्याला चूल. यांतल्या बहुतेकांना जन्मात विसावा नाही. सरकारी दवाखान्यात कुठे गादीला पाठ लागते, आणि जरा स्थिर झाले की फिजिओथेरपिस्ट म्हणतो, उठा. निर्दय वाटते. वाटू द्यावे.

शिकवतो तो साधेच. पुढे झुकून, कोपरे मांडीवर टेकून बसा. श्वास नाकाने घ्या, ओठ आवळून सावकाश सोडा. त्या फुंकरीने आत थोडा दाब टिकतो, सैल पडलेल्या श्वासनळ्या मिटत नाहीत, कोंडलेली हवा बाहेर निघते. जन्मभर फुंकणी फुंकून जिची छाती धुराने भरली, तिने औषध म्हणून पुन्हा तसेच ओठ करायचे. तिला हसू येते, हसताना खोकला येतो, खोकल्याबरोबर बेडका सुटतो. तोही उपचारच.

श्वासाच्या व्यायामाचे तीन चेंडूंचे ते प्लॅस्टिकचे यंत्र मात्र पुष्कळ जण फुंकत बसतात. ते ओढायचे असते. चेंडू वर गेले की नातेवाईक खूश. म्हातारा आज संडासापर्यंत पायी गेला, याची नोंद कुणी घेत नाही. माझ्या लेखी मोठी बातमी तीच.

फिजिओथेरपिस्ट खाटेपाशी थोडाच वेळ असतो, बाकी दिवस सोबतच्या माणसाचा. तेव्हा राउंडला डॉक्टर आले की नुसते "सुट्टी कधी?" विचारू नका. उठवायचे कधी, चालवायचे किती, ऑक्सिजन लावून की काढून, आणि काय झाले तर थांबायचे, हे विचारा. सुट्टीच्या कागदावर गोळ्यांच्या खाली चालण्याचेही लिहून मागा.