‘जातो’ म्हणणारा आणि जाणारा

सोलापुरात 10 ऑक्टोबर 1910 रोजी जन्मलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा या शहराला अभिमान आहे. 1938 साली जपानी आक्रमणाने होरपळलेल्या चीनने वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले, आणि पुढील शिक्षणाचा विचार बाजूस ठेवून कोटणीस त्यात सामील झाले. वडिलांच्या निधनाची वार्ता त्यांना तिकडेच कळली. सहकारी मायदेशी परतले. कोटणीस रुग्णांपाशी राहिले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, अवघे 32 वर्षांचे असताना, तेथेच निवर्तले.

कोटणीस ख्रिस्ती नव्हते. तरीही त्यांची आठवण झाली की शुभवर्तमानातील दोन मुलांचा दृष्टान्त मनात येतो. बापाने द्राक्षमळ्यात कामाला जाण्यास सांगितले, तेव्हा एकाने होकार दिला पण तो गेला नाही. दुसऱ्याने नकार दिला, पण पस्तावून तो गेला. बापाची इच्छा कोणी पाळली, असा प्रभू येशूचा प्रश्न आहे. दर रविवारी मिस्सेत ‘आमेन’ म्हणणारे आपण या दोघांपैकी कोण?

विचार न करता धावत सुटणे म्हणजे आज्ञापालन काय, असे कोणी विचारील. आक्षेप रास्त आहे. पवित्र मरियेनेही देवदूताला प्रश्न केलाच होता. मात्र तो समजून घेण्यासाठी होता, टाळण्यासाठी नव्हे; उत्तर मिळताच तिने होकार दिला. शिवाय तत्परता म्हणजे घाई नव्हे. मार्च 1540 मध्ये रोम येथे संत इग्नेशियस यांनी आजारी सहकाऱ्याच्या जागी भारतात जाण्यास सांगितले, तेव्हा संत फ्रान्सिस झेवियर एका दिवसाच्या तयारीने निघाले. परंतु लिस्बनला जहाजासाठी त्यांना एप्रिल 1541 पर्यंत थांबावे लागले, आणि गोव्यास ते पोहोचले 6 मे 1542 रोजी. निघणे त्यांच्या हाती होते. पोहोचणे देवाच्या हाती.

देवाची इच्छा उमगत नसेल तेथे प्रार्थनापूर्वक थांबावे. पण बहुधा ती उमगलेली असते. आपण केवळ मुदत मागत असतो. घराच्या वाटणीवरून सख्ख्या भावाशी अबोला धरलेला असतो. प्रभूची आज्ञा उघड आहे : अर्पण वेदीपाशी ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. आपण म्हणतो, ‘नाताळात बघू.’ नाताळ येतो आणि जातो. एखाद्या वर्षी भाऊच उरत नाही. मग दफनभूमीत त्याच्या शवपेटीवर मूठभर माती टाकताना जे शब्द ओठांवर येतात, ते त्याला ऐकू जात नाहीत.

नकार देऊन नंतर गेलेल्या मुलाचे जाणे वाया गेले नाही, हा आपणा सर्वांना दिलासा आहे. तरी एवढे विसरू नये, की बापाने मळ्यात जाण्यास सांगितले होते ते ‘आज’.