हृदय स्वतःसाठी किती ठेवतं?

आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक १३



यज्ञातून उरलेलं खाणारे पापातून सुटतात, आणि जे फक्त स्वतःसाठी शिजवतात ते पापच खातात, असं भगवंत इथे सांगतात. मग घर, ऑफिस, सेवा सांभाळताना स्वतःसाठी थोडा वेळ, पैसा, झोप राखून ठेवणं हा स्वार्थ का?

जरा आपल्या छातीत डोकावूया. आपण नुसते बसलेलो असतानाही हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त पुढे ढकलतं. एवढं रक्त त्याच्या कप्प्यांतून जातं, पण त्याच्या जाड स्नायूला ते तिथून परस्पर घेता येत नाही. आधी सगळं महाधमनीत सोडायचं, मग तिला फुटलेल्या दोन हृदयधमन्यांतून आपला वाटा घ्यायचा. किती? सुमारे ५ टक्के. काम वाढलं की त्याला मिळणारं रक्तही वाढतं.

गंमत म्हणजे महाधमनीच्या या पहिल्याच फांद्या. म्हणजे हृदय सगळ्यांच्या आधी घेतं! तरी त्याला स्वार्थी कोण म्हणेल? यातली एखादी धमनी तुंबली की हार्ट अटॅक येतो, आणि मग मेंदू, मूत्रपिंडं, सगळ्यांचाच पुरवठा धोक्यात येतो.

मला वाटतं, श्लोक घेण्याला पाप म्हणत नाही, 'फक्त माझ्यासाठी' या भावनेला म्हणतो. म्हणून आज पोटभर जेवा, वेळेवर झोपा. फक्त एवढंच विचारा: हे बळ उद्या कुणाच्या कामी येणार?

श्रीकृष्णार्पणमस्तु.