ठोक्याचा पुरावा

हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा विकार निदानाच्या दृष्टीने इतर बहुतेक आजारांहून अवघड ठरतो, कारण तो पुष्कळदा येतो आणि निघून जातो, आणि डॉक्टर नाडीवर बोट ठेवतात त्या क्षणी तो हजर असेलच असे नाही. विश्रांतीच्या अवस्थेत निरोगी प्रौढाचे हृदय मिनिटाला साधारण ६० ते १०० ठोके देते. त्या ठोक्यांमागचे विद्युत् संदेश कागदावर उमटवणारी ईसीजीची पट्टी मात्र नेहमीच्या तपासणीत जेमतेम दहा सेकंदांची नोंद घेते. जिंतूर किंवा पालम तालुक्यातील खेड्यात सकाळी छातीत धडधड सुरू झालेला रुग्ण परभणीला पोहोचेपर्यंत लय पूर्ववत झालेली असू शकते. अशा वेळी पट्टीही खरी असते आणि रुग्णाची तक्रारही खरी असते. पुढे त्याच रुग्णाला पक्षाघात झाला किंवा तो दगावला, तर तो वैद्यकीय हलगर्जीपणा होता की शास्त्राची मर्यादा, हा प्रश्न कुटुंबापुढे उभा राहतो.

मराठवाड्याच्या न्यायालयीन इतिहासात वैद्यकीय हलगर्जीपणाचे सर्वांत ठळक प्रकरण औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयातील आहे. १९६३ साली प्रसूतीनंतरच्या नसबंदी शस्त्रक्रियेत एका महिलेच्या पोटात टॉवेल राहिला, तो दुसऱ्या शस्त्रक्रियेत सापडला आणि काही दिवसांत ती महिला मरण पावली. अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली शासनाला जबाबदार धरले आणि ३६,००० रुपयांची भरपाई कायम केली. न्याय मिळायला ३३ वर्षे लागली, ही गोष्ट विसरता येत नाही. तरीही त्या कुटुंबाच्या हाती एक निर्विवाद वस्तू होती, कारण पोटातला टॉवेल स्वतःच साक्ष देतो. विस्कटलेल्या लयीची अशी कोणतीही वस्तू मागे उरत नाही, शवविच्छेदनातही ती बहुधा दिसत नाही, आणि म्हणून या दाव्यांमध्ये सगळा भार कागदावर येऊन पडतो.

कायद्याची भूमिका तत्त्वतः समंजस आहे. जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली इंग्लंडमधील १९५७ च्या बोलम खटल्याची कसोटी मान्य केली. तिचा आशय असा की डॉक्टरची कृती त्या विषयातील जबाबदार जाणकारांच्या एखाद्या समूहाला मान्य होण्यासारखी असेल, तर निदान चुकले एवढ्यावरून तो दोषी ठरत नाही. फौजदारी गुन्ह्यासाठी तर ढोबळ, अक्षम्य निष्काळजी लागते. न्यायालयाने येथे निर्णयातली चूक आणि काळजीचा अभाव यांत जो फरक केला आहे, तो हृदयाच्या लयीच्या बाबतीत फार मोलाचा आहे, कारण अनुभवी हृदयरोगतज्ज्ञालाही एखाद्या जलद लयीचा उगम हृदयाच्या वरच्या कप्प्यात आहे की खालच्या, हे पट्टीवरून ओळखताना शंका पडते.

परंतु काळजीचा अभाव म्हणजे काय, हे ठरवायला परभणीसारख्या जिल्ह्यातील रुग्णांची जातकुळी पाहावी लागते. लहानपणी संधिवाती ताप येऊन गेलेल्या आणि हृदयाची झडप अरुंद झालेल्या तरुण स्त्रीच्या हृदयाचे वरचे कप्पे नियमित आकुंचनाऐवजी नुसते थरथरू लागतात. या अवस्थेला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, आणि तीत कप्प्यात साकळलेल्या रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होण्याचा धोका असतो. अशा स्त्रीच्या ‘जीव घाबरा होतो’ या तक्रारीला मनाचा खेळ किंवा गॅस म्हणून निकालात काढणे, तिची अनियमित नाडी पूर्ण मिनिटभर न मोजणे, याला मर्यादा म्हणता येणार नाही. वारंवार बेशुद्ध पडणाऱ्या मुलाला मिरगीची गोळी सुरू करताना एकदाही ईसीजी न काढणे हेही तसेच आहे, कारण लयीच्या काही जन्मजात विकारांत झटके येतात ते मेंदूमुळे नव्हे तर हृदयामुळे. आणि शेतीच्या या मुलखात पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या, बिया खाल्लेला रुग्ण येतो तेव्हा त्या बियांतील विष हृदयाच्या विद्युत् संदेशांची वाट अडवते आणि तो अडथळा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही प्रकट होतो. पहिली पट्टी चांगली आली म्हणून त्याला घरी पाठवणे हे निदानातील दुर्दैव नसून नजर ठेवण्याच्या कर्तव्यात केलेली कसूर आहे.

साधने नाहीत हा बचाव काही अंशी रास्त आहे आणि तो सहानुभूतीने ऐकला पाहिजे. तालुक्याच्या रुग्णालयातील वैद्यकीय अधिकाऱ्याकडून दिवसभर लय नोंदवणाऱ्या होल्टर यंत्राची अपेक्षा करता येत नाही. मात्र जे आपल्याकडे नाही ते ओळखून रुग्णाला वेळेत नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला पाठवणे हे कर्तव्य आहेच, कारण रुग्ण स्वीकारावा की नाही हे ठरवतानाही डॉक्टरने काळजी घेतली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या लक्ष्मण जोशी खटल्यात १९६८ सालीच सांगितले आहे. शेजारच्या जालना जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील नोकरीपासून विंचूदंशाच्या रुग्णांची नाडी, रक्तदाब आणि हृदयाची अवस्था बारकाईने टिपली आणि त्या नोंदींतूनच प्राझोसिन या औषधाचा प्राणरक्षक उपयोग पुढे आला. तुटपुंज्या केंद्रातही पाहणे आणि लिहून ठेवणे शक्य असते.

नोंदीच्या बाबतीत नियम स्पष्ट आहेत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे आंतररुग्णाचे कागद तीन वर्षे जपावे लागतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यावे लागतात. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. अडचण अशी की ईसीजीचा उष्णता-संवेदी कागद उन्हाने, उष्णतेने आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवल्यानेही फिका पडत जातो, आणि आयोगापुढे जाईपर्यंत पुरावा कोरा झालेला असू शकतो. पट्टी निघाली त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढून ठेवणे रुग्णाच्या हिताचे आहे आणि कसोशीने वागलेल्या डॉक्टरच्याही.

एवढे सगळे कागद जपले तरी परभणी जिल्ह्यातील गरीब रुग्णाला ग्राहक आयोगाचे दार उघडतेच असे नाही. १३ नोव्हेंबर १९९५ च्या शांता खटल्यातील निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली, पण जे रुग्णालय सर्वांनाच विनामूल्य उपचार देते ते वगळले गेले, आणि केसपेपरच्या नाममात्र शुल्काने त्यात फरक पडत नाही असेही ठरले. पैसे भरलेल्या रुग्णाला आयोगात जाता येते आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कही नाही. सरकारी खाटेवरच्या रुग्णाच्या वाट्याला मात्र दिवाणी न्यायालयाचा लांबचा रस्ता येतो, तोच रस्ता ज्यावर औरंगाबादच्या त्या कुटुंबाची ३३ वर्षे गेली. ज्याच्यापाशी सर्वांत कमी आहे त्यालाच सर्वांत महाग न्याय देणारा हा भेद अन्याय्य आहे. तो दूर करणे संसदेच्या हाती होते. २०१९ साली नवा ग्राहक संरक्षण कायदा झाला, तेव्हा विनामूल्य सेवा वगळणारे शब्द त्यात तसेच ठेवण्यात आले.