उबेचें ऋण

नाताळ सरून संक्रांत जवळ येते त्या सुमारास चंद्रपुराकडील थंडी घराघरांत ठाण मांडते. मग आम्ही दारांस जाड पडदे लावतों, सतरंज्या पसरतों आणि बांबूच्या कामट्यांचा दिवा कोपऱ्यांत ठेवून, घर कसें उबदार झालें म्हणून संतोष पावतों. परंतु ही ऊब सर्वस्वीं आमची काय?

१९२७ च्या वनकायद्यानें बांबूस वृक्षांत गणलें. त्यामुळें ज्यांच्या दारीं तो वाढला त्यांसच तो तोडून विकण्याची मोकळीक उरली नाहीं. २००६ च्या वनहक्क कायद्यानें ती दिली. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गांवास २००९ सालीं सामूहिक हक्क मिळाला, आणि आपला बांबू विकण्यासाठीं वाहतूक परवाना २०११ सालीं.

कायद्यानें इतक्या उशिरां जें दिलें, तें आम्ही बाजारांत घासाघीस करून पुन्हां काढून घेतों काय? दिवा न घेतल्यानें हें ऋण फिटत नाहीं. विणणाऱ्याची चूल मात्र थंड राहते. तेव्हां पुरतें मोल देणें हाच सजावटीचा पहिला नियम होय. आमच्या कोपऱ्यांतील दिव्याचेही दहा रुपये आम्हीं कमी करविले होते; तो लावतांना तें आठवतें.