उत्तर आणि उत्तरापर्यंतची वाट

परळ-लालबागच्या चाळीत बारावीचे मूल असलेले घर फेब्रुवारी उजाडला की हळू आवाजात बोलू लागते. बोर्डाचा गणिताचा पेपर आजही हाताने लिहिला जातो. तेच मूल पुढे अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी एमएचटी-सीईटीला संगणकासमोर बसते. २०१९ पासून ही परीक्षा संगणकावरच होते.

या बदलाविषयी पालकांना पहिली चिंता वाटते ती ही, की ज्याच्या घरी संगणक नाही त्याचे काय? चिंता रास्त आहे. परंतु तेथे टंकलेखन लागत नाही. चार पर्यायांपैकी एकावर माऊस टेकवायचा असतो. माझ्या मनातील प्रश्न वेगळा आहे.

परळच्या आमच्या अभ्यासिकेत एका मुलीने इंटिग्रेशनचे उदाहरण सोडवले. सूत्र अचूक, पायऱ्या स्वच्छ. शेवटच्या ओळीत उणे चिन्ह सुटले. शेजारच्या मुलाने काहीच न सोडवता एक पर्याय निवडला आणि तो बरोबर निघाला. बोर्डाच्या परीक्षकाने मुलीला पायऱ्यांचे गुण दिले असते. सीईटीत गणिताच्या प्रश्नाला २ गुण असतात आणि चुकीला वजावट नसते. म्हणजे त्याला २ आणि हिला शून्य. ती मला म्हणाली, “सर, मग मला येतं की नाही येत?”

न्यायाधीशाविषयीची एक हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीनुसार, सत्य शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न करून योग्य निर्णय देणाऱ्यास दोन मोबदले आहेत, प्रयत्न करूनही चुकलेल्यास एक. अबू दाऊद यांच्या संग्रहातील दुसऱ्या हदीसमध्ये अज्ञानाने निवाडा करणाऱ्यास कठोर इशारा आहे. तेथे अंदाजाला प्रतिष्ठा नाही.

कोणी म्हणेल, हे न्यायाधीशाचे झाले, विद्यार्थ्याचे नव्हे. आणि उणे चिन्ह विसरून बांधलेला पूल कोसळतो. हे मी मान्य करतो. हदीसही बरोबर आणि चूक यांना एका पंक्तीत बसवत नाही. दोन आणि एक यांत फरक आहेच. मात्र ती प्रयत्नाला शून्य म्हणत नाही.

यंत्राचीही बाजू ऐकली पाहिजे. ते सुंदर अक्षराला भुलत नाही, गिचमिड अक्षरावर चिडत नाही, परीक्षकासारखे थकत नाही. लाखो मुलांच्या वहीतील पायऱ्या कोण वाचणार, हा प्रश्नही खोटा नाही. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने हस्तलिखित उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायला घेतल्या आणि निकाल कित्येक आठवडे रखडले. तेथे वाट दिसत होती, पण घाईने घात केला. तरीही आपण घाऊक सोयीसाठी मुलांकडून काय काढून घेत आहोत, ते ओळखून तरी घ्यावे. वाट कोणी पाहणारच नसेल, तर मूल वाट शिकेल कशाला? अंदाज बांधण्याच्या युक्त्या शिकवणारे वर्ग आपणच शुल्क भरून चालवतो.

त्या मुलीला मी, “तुला येतं,” असे उत्तर दिले. परंतु ते तिच्या गुणपत्रकावर कोठेही उमटणार नव्हते. म्हणून तिच्या सरावाच्या कच्च्या वह्या मागून घेतल्या. सात निघाल्या. दर रविवारी असरच्या नमाजनंतर एक तपासतो. सध्या तिसरी चालू आहे.