बोट उचलेपर्यंत

टेबलावरचा दिवा तेवढा चालू ठेवा. समोर ब्रेडबोर्ड आहे. त्यावर २८ पिनांची एटीमेगा३२८पी चिप बसवली आहे आणि कुंडीतल्या रोपाला पाणी घालणारा लहानसा पंप तिच्या सांगण्यावरून चालतो. आज एकच बटण जोडायचं आहे, रीसेटचं. घाई करू नका.

आधी चिपवरची अर्धगोल खाच शोधा. खाच वर धरली की डावीकडची सगळ्यात वरची पिन पहिली, आणि रीसेटची पिन तीच. आकृतीत तिच्या नावावर आडवी रेघ असते. ही पिन ग्राउंडला गेली की काम थांबतं, असा त्या रेघेचा अर्थ. म्हणजे चिप चालू राहावी म्हणून कुणीतरी ही पिन सतत वर धरून ठेवायला हवी.

ते काम १० किलोओहमच्या रेझिस्टरचं. एक टोक ५ व्होल्टला, दुसरं या पिनला. चिपच्या पोटातही असा एक रेझिस्टर असतो, ३० ते ६० किलोओहमचा. पण त्याची पकड सैल, आणि शेजारी पंपाची मोटर फिरत असताना त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नये. आता बाहेरच्या रेझिस्टरकडे थोडा वेळ नुसतं पाहत राहा. त्याच्यातून आत्ता जवळजवळ काहीच वाहत नाही, तरी पिन वर आहे. बटण दाबलं की तो अर्धा मिलिअँपिअर जाऊ देतो आणि पिन खाली जाऊ देतो. त्याच्या जागी साधी तार असती तर ५ व्होल्ट आणि ग्राउंड थेट एकमेकांना भिडले असते. मोटरच्या खरखरीने हलू नये इतका घट्ट, बोटाला अडवू नये इतका सैल. या साऱ्या जोडणीत मला सगळ्यात सुंदर वाटतो तो हा रेझिस्टर.

आता बटण. त्याला चार पाय असतात, पण ते आतून दोन-दोन जोडलेले. मी एकदा नेमके आधीच जोडलेले दोन पाय धरले. चिप अखंड रीसेटमध्येच राहिली आणि मी संध्याकाळभर प्रोग्राममधली चूक शोधत बसलो. तेव्हापासून मी समोरासमोरच्या कोपऱ्यांतले, तिरपे पाय घेतो. एक पिनला, एक ग्राउंडला. मल्टिमीटर बीपवर ठेवून खात्री करा.

पंप चालू असू द्या. बटण दाबा, आणि बोट तसंच ठेवा.

चिपला अडीच मायक्रोसेकंदांचा दाबही पुरतो. तुमचं बोट सेकंदाचा दहावा भाग जरी टेकलं, तरी ते तिच्या गरजेच्या ४० हजार पट झालं. तेव्हा जोर लावायची गरज नाही. दाबताच चिपने आपल्या सगळ्या कामाच्या पिना सोडून दिल्या: कुणाला ५ व्होल्ट देत नाही, कुणाला ग्राउंडकडे ओढत नाही. इथे क्षणभर थांबून पंपाचा विचार करा. चिपने हात सोडला तेव्हा त्याला कुणी धरलं? पंप चालू-बंद करणाऱ्या मॉस्फेटच्या गेटपासून ग्राउंडपर्यंत आणखी एक १० किलोओहमचा रेझिस्टर असेल, तर पंप बंद पडतो. नसेल तर गेट अधांतरी राहतं आणि पंप काय करील याचा नेम नाही. हा रेझिस्टर बहुतेक जण विसरतात. तुम्ही विसरू नका.

बोट अजून बटणावरच आहे. आता चिपच्या आठवणींकडे वळा. ईईप्रॉममध्ये लिहिलेलं, समजा मातीच्या ओलाव्याची मर्यादा, जसंच्या तसं आहे. रॅमही रीसेटने पुसली जात नाही, कारण वीज गेलेलीच नाही. आपले आकडे पुन्हा शून्यावर येतात ते प्रोग्राम सुरू होताना कंपायलरने घातलेल्या पहिल्या काही सूचनांमुळे. पाटी पुसतो तो प्रोग्राम. आणि एमसीयूएसआर नावाच्या रजिस्टरमध्ये एक बिट उभा राहतो: रीसेट बाहेरच्या पिनवरून आला. वीज आल्यामुळे, व्होल्टेज घसरल्यामुळे किंवा वॉचडॉगमुळे आला असता, तर दुसरा बिट उभा राहिला असता. तो बिट वाचून कोण आलं होतं ते चिपला कळू शकतं. वायर उपटून पुन्हा लावण्यापेक्षा बटण बरं, ते यासाठीही.

इतका वेळ नवं काही सुरू झालेलं नाही. दाबण्याने फक्त थांबणं होतं. पिन पुन्हा वर गेली की चिप सगळं स्थिरावायला थोडा वेळ देते, नेहमीच्या मांडणीत साधारण ६५ मिलिसेकंद, आणि मगच पहिली सूचना वाचते. तोपर्यंत ती तुमच्यासाठी थांबलेली आहे.

गेटवरचा रेझिस्टर आहे ना, एकदा पाहून घ्या. मग बोट उचला.