दयेचीही पारख व्हावी

अतिदक्षता विभागात बेशुद्ध पडलेल्या रोग्यांवर उपचारांची परीक्षा करणे ख्रिस्ती मनास शोभते काय? प्रश्न रास्त आहे; कारण असा रोगी मुका असतो, आणि मुक्याच्या वतीने बोलणे आपले कर्तव्य होय.

तरी, प्रिय बंधुभगिनींनो, एक दाखला पाहा. फुप्फुसे सुजून निकामी होऊ लागली म्हणजे रोग्यास यंत्राने श्वास देतात. पूर्वी तो मोठा देण्याची वहिवाट होती. अमेरिकेत ८६१ रोग्यांवर तिची पारख होऊन २००० साली निकाल प्रसिद्ध झाला. कोणास मोठा श्वास द्यावा व कोणास त्याच्या निम्मा, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेविता चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरविले होते. मोठा श्वास दिलेल्यांत शेकडा सुमारे ४० मरण पावले. लहान श्वास दिलेल्यांत ३१. अधिक हवेने आजारी फुप्फुस ताणले जाऊन त्यास इजा होई.

वहिवाट हीही परीक्षाच होय. मात्र तिचा हिशेब राहत नाही. म्हणून रोग्याच्या किंवा त्याच्या आप्तांच्या संमतीने, निःपक्ष देखरेखीखाली केलेली पारख निर्दयपणा नव्हे, असे आम्ही समजतो. परंतु भय घालून किंवा अज्ञानाचा लाभ घेऊन मिळविलेली संमती पाप होय.

सर्व गोष्टी पारखण्याविषयी पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिले. त्यातून आपली दयाही सुटत नाही. उपदेशकांनी मंडळीस हे समजवावे: दवाखान्यात संमती मागितल्यास न भिता विचारावे, नीट समजून घ्यावे, आणि मग प्रार्थनापूर्वक होय किंवा नाही म्हणावे.